घरच्या मस्तकांसाठी थोडे मार्गदर्शन

बंधूंनो, पती हा पत्नीचे मस्तक आहे, हे लग्नाच्या दिवशी पाळकसाहेबांनी वाचून दाखवले आणि तेव्हापासून तुम्ही ते एक दिवसही विसरलेला नाहीत. लग्नाची तारीख विसरलात. धाकटी कितवीत आहे हे सांगताना अजून बायकोच्या तोंडाकडे बघता. तूरडाळ कोणत्या डब्यात असते हे तर परमेश्वराने तुम्हाला आजवर प्रकटच केलेले नाही. पण ते वचन पक्के आहे. त्याबद्दल आधी अभिनंदन.

हल्ली मात्र मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, एक नवीन खूळ शिरले आहे. पुरुषांच्या शिबिरात, उपवास-प्रार्थनेत, बाहेरून आलेल्या वक्त्यांच्या संदेशात एकच ऐकू येते की ख्रिस्ती पुरुषाने घरात सेवक होऊन पुढारीपण करावे. घाबरून जाऊ नका. 'सेवक-पुढारी' ही जोडी १९७० साली रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या गृहस्थांनी रूढ केली आणि ते अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीतले निवृत्त अधिकारी होते, असे सांगून तुम्ही विषय झटकू शकता. फक्त समोरच्याने मार्कचा दहावा अध्याय वाचलेला नसावा; ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे, असे प्रभू तिथे सांगून बसला आहे. तो वाचलेला असेल तर हार मानून 'आमेन' म्हणा आणि कामाची वाटणी करा. पुढारीपण तुम्ही घ्या. सेवेचे खाते घरात आधीपासून कोणीतरी सांभाळतेच आहे, आणि चालू व्यवस्थेत विनाकारण ढवळाढवळ करणे हे चांगल्या पुढाऱ्याचे लक्षण नव्हे.

खरी खबरदारी घ्यायची ती वाचनाची. कौटुंबिक प्रार्थनेत इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय आला तर बाविसाव्या वचनापासून उघडा. एकविसाव्यात एकमेकांच्या अधीन असा, असे काहीसे आहे. हा एकमेकांचा प्रकार घरात शिरू देऊ नये. बावीस ते चोवीस, म्हणजे पत्नींनी पतीच्या अधीन असावे तो भाग, सावकाश, शब्दाशब्दावर वजन देत वाचा, चष्मा काढा आणि म्हणा, "प्रार्थना करू या." पंचविसाव्यात पाऊल टाकलेत की फसलात. तिथे पत्र लिहिणारा पौल पतींकडे वळतो आणि अध्याय संपेपर्यंत मानगूट सोडत नाही. मागणी तरी केवढी! ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे तुम्ही बायकोसाठी स्वतःला द्या म्हणे. ख्रिस्ताने स्वतःला कसे दिले हे घरातल्या बारक्या पोरांनाही ठाऊक असल्यामुळे चर्चा भलतीकडे जाण्याचा धोका असतो. पौलाचे स्वतःचे लग्न झालेले नव्हते, हा मुद्दा मी पंचविसाव्या वचनापुरता राखून ठेवतो. बाविसाव्याला तो लागू होत नाही.

पेत्राचे पहिले पत्रही तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनाशी मिटा. सातव्यात पतींना बजावले आहे की पत्नीशी समजुतीने राहा, तिला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांमध्ये व्यत्यय येईल. तुमच्या बदलीची प्रार्थना इतकी वर्षे कुठे अडकली आहे, याचा शोध घरच्यांना लागता कामा नये.

तुमच्या हॉलमध्ये ती पाटी असेलच. प्रभू येशू या घराचा मस्तक, प्रत्येक जेवणाचा अदृश्य पाहुणा, प्रत्येक संभाषण शांतपणे ऐकणारा. फार सोयीची पाटी आहे. ती अशा भिंतीवर लावा की तिच्याखाली तुमची खुर्ची बसेल. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पाटीवरून उतरते ती थेट तुमच्यावर येते आणि दोन मस्तकांत फारसे अंतर राहत नाही. पाहुणा अदृश्य आहे, त्यामुळे त्याच्या वाटणीचा रस्साही तुमच्याच ताटात येतो. आणि तो शांत श्रोता आहे याबद्दल तर रोज आभार माना. काल रात्री मीठ कमी पडले म्हणून तुम्ही जे काही बोललात, ते ऐकून तो बोलला असता तर?

रविवारची सकाळ ही पुढारीपणाची खरी परीक्षा. ती पाचला उठते. खोबरे-कांदा भाजून काळ्या मसाल्याचे वाटण करते, कारण उपासनेहून आल्यावर मटण तासाभरात ताटात पडायला हवे. मग तुमचा पांढरा शर्ट इस्त्री करते, थोरल्याला उठवते, धाकटीच्या वेण्या घालता घालता तिचे संडे स्कूलचे सुवर्णवचन पाठ करून घेते, तुमच्या आईंना गरम पाणी देते. या सगळ्यात तुमचे काम एकच आहे, पण ते वेळेवर झाले पाहिजे. खाली जाऊन गाडी चालू करायची आणि हॉर्न वाजवायचा. तीनदा वाजवा. ती साडीची पिन तोंडात धरून जिना उतरू लागली की घड्याळाकडे बघत म्हणा, "देवाच्या घरी तरी वेळेवर जात जावे माणसाने."

आणि त्या दिवशी संदेश नेमका लूकच्या दहाव्या अध्यायावर निघाला, तर तुमच्यासारखा भाग्यवान कोणी नाही. मार्था स्वयंपाकाच्या धांदलीत गुंतली, मरीयेने मात्र प्रभूच्या चरणांशी बसून चांगला वाटा निवडला. पाळकसाहेब हे सांगू लागले की पुरुषांच्या बाकांवरून बायकांच्या बाकांकडे मान वळवा आणि तुमच्या मार्थेला नजरेने समज द्या. घरी येताना वाटेतही समजावा की कामाची एवढी दगदग बरी नव्हे, आत्मिक गोष्टींना वेळ द्यावा. घरी पोचल्यावर चपला काढता काढता विचारा, "मटण कुठवर आलं?"

म्हणजे तुम्ही सेवा करूच नये, असे कोण म्हणते? जरूर करा. फक्त जागा निवडून करा. मंडळीचे प्रीतिभोजन ही उत्तम जागा. तिथे बाह्या सरसावून भाताच्या पातेल्यात झारा घाला, पंगतीत वाढायला पुढे व्हा, चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळाच्या सभासदाने स्वतः बादली धरलेली सर्वांना दिसू द्या, फोटो निघू द्या. घरी पाण्याचा पेला भरून घ्यायची सवय नसलेला माणूस तिथे शंभर जणांना पाणी पाजतो, हा काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला त्यानंतरचा पाण्याबाबतचा दुसरा चमत्कार म्हणावा लागेल. पंगती उठल्या की खरकटी पातेली घासायला महिला मंडळ असते. त्याचे फोटो कोणी काढत नाही, म्हणून तिथे थांबण्यात अर्थ नाही.

नाताळात बेकरीची फेरी आपल्याकडे ठेवा. घरात चार दिवस करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे असा फराळ चालतो. ते बायकांचे खाते. तुम्ही तिने कालवून दिलेले नानकटाईचे पीठ बेकरीत न्या, ओळीत उभे राहा, ट्रे घेऊन परत या, आणि नवीन वर्षाच्या उपासनेपर्यंत म्हणत राहा की यंदा नानकटाई आम्ही घरीच केली.

त्यानंतर साक्ष. बायकोला बरे नव्हते तेव्हा तुम्ही एकदा भाजी चिरलीत. ही गोष्ट वाया घालवू नका. साक्षीच्या वेळी उभे राहा, घसा खाकरा आणि सांगा की प्रभूने मला नम्र केले, मी बायकोला मदत केली. 'मदत' हाच शब्द वापरा. त्यातून काम मूळचे कोणाचे हे आपोआप स्पष्ट होते. चोहोबाजूंनी "प्रभूची स्तुती असो" असे ऐकू येईल. पाच हजार माणसांना पुरेल एवढी भाजी चिरल्यावर तिच्यासाठी असे कोणी म्हटले नव्हते, याचा विचार ती करत असेल तर करू द्या. साक्ष तुमची आहे.

यात आपण ख्रिस्ती काही वेगळे आहोत असेही नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होते, पुरुषांचे ९७. तेही जे करत होते त्यांचे, आणि असे पुरुष निघाले शंभरात सव्वीस. या एका बाबतीत देशात सर्वधर्मसमभाव नांदतो. तेवढा तरी टिकवावा.

आता पगाराचा नाजूक विषय. मिशनच्या दवाखान्यांनी आपल्या आज्यांना नर्स केले, मिशनच्या शाळांनी बाई केले, आणि त्याचे परिणाम आपण आजही भोगतो आहोत. तिचा पगार तुमच्याइतका, कधी जास्तही. घराचा हप्ता तिच्या खात्यातून जातो. अशा घरात मस्तकपण टिकवायला आत्मिक परिपक्वता लागते. मोठा निर्णय आला की म्हणा, "मी याविषयी प्रार्थना करतो." दोन दिवस गंभीर राहा. तिसऱ्या दिवशी प्रभूने तुम्हाला जे सांगितले ते तिला कळवा. तुमच्या भावाला जामीन राहायला प्रभू नेहमी सांगतो, तिच्या बहिणीच्या बाबतीत मात्र तो थांबायला सांगतो. ती नाइट ड्युटी करून सकाळी आठला घरात आली तर तिला तशीच कौटुंबिक प्रार्थनेला बसवा. डोळे तिचे आपोआप मिटतील. शेवटी 'आमेन' म्हणताना चहाची आठवण करा.

इतके सांभाळूनही योहानाचे शुभवर्तमान तुम्हाला गोत्यात आणणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तेराव्या अध्यायात प्रभू जेवणावरून उठतो, अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. पाणी कोणाला आणायला सांगत नाही. रुमाल कुठे ठेवला म्हणून ओरडतही नाही. यावर खुलासा तयार ठेवा की हे सगळे आत्मिक अर्थाने घ्यायचे असते. वसईतल्या आणि गोव्यातल्या कॅथलिक बंधूंची एक अडचण आणखी वाढली आहे. पवित्र गुरुवारी फादर ज्यांचे पाय धुतात त्यांच्यात बायकाही असू शकतात, असे २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ठरवून टाकले. वर्षातून एकदा, वेदीसमोर, तेही फादरांनी. आपल्याला काही करायचे नाही, तेव्हा तेवढे चालवून घ्या.

एकविसावा अध्याय त्याहून वाईट. पुनरुत्थित प्रभू समुद्रकाठी निखारे पेटवतो, त्यावर मासळी भाजतो आणि रात्रभर राबून आलेल्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. पोरांनी हे वाचून तुमच्याकडे पाहिले तर सांगा की तो मेलेल्यांतून उठून आला होता, मी ऑफिसातून आलो आहे, मला विश्रांतीची गरज जास्त आहे.

पुस्तकांच्या कपाटावरही लक्ष असू द्या. रेव्हरंड टिळकांची भजने खुशाल म्हणा, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मागे जे लिहून ठेवले ते बायकोच्या हाती लागू नये. उदार, भक्त, लोकांसाठी खिसा मोकळा करणारा कवी घरात कसा होता आणि रिकाम्या डब्यांशी गाठ कोणाची पडत होती, हे ती बाई इतक्या हसतखेळत सांगते की कोणाच्याही बायकोला लिहावेसे वाटेल. आणि पंडिता रमाबाईंचे नाव तर घरात अजिबात काढू नका. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल त्यांनी मराठीत आणले, ते केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनी स्वतःच्या छापखान्यात छापले, आणि या सगळ्या खटाटोपात एकही मस्तक कामाला आले नाही. ही माहिती घरात पोचली की बाविसाव्या वचनाचा अर्थ तुम्हीच सांगावा, असे काही उरत नाही.

कायद्याने तुमची बाजू पुष्कळ दिवस राखली, तेही मान्य करायला हवे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरपणा किंवा सोडून देणे असे आणखी काही जोडून दाखवावे लागे. इंग्रज गेले, राज्यघटना आली, तरी कलम जागचे हलले नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातला भेदभाव काढला आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. १३२ वर्षे टिकलेले कुंपण असे गेले. तेव्हापासून आपल्याला केवळ वचनावर भागवावे लागते आहे.

शेवटी आजारपणाचे बघू. तुम्हाला ताप आला तर मंडळीला प्रार्थनेला लावा आणि पाळकसाहेबांना घरी बोलवा. तिला ताप आला तर पेत्राच्या सासूचा दाखला आहे. प्रभूने हात धरून उठवले, ताप निघाला आणि ती त्यांची सेवा करू लागली. एवढे वाचून दाखवा आणि वाट बघा.

तिने मात्र लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर बाहेरगावी जायचे ठरवले, तर परिस्थिती अवघड आहे. पहिल्या दिवशी गॅसचा सिलिंडर कसा चालू करतात हे फोनवर विचारा. दुसऱ्या दिवशी मंडळीत चेहरा जरा उतरवून बसा. पाळकीणबाई विचारतील, तुम्ही "प्रभू सांभाळतो" एवढेच म्हणा. संध्याकाळपर्यंत महिला मंडळाची वारवार वाटणी ठरलेली असेल आणि दोन्ही वेळचा डबा दारात येऊ लागेल. डबा धुऊन परत द्यायची रीत आहे म्हणतात. तुम्ही तो दाराशी ठेवा, उद्याचा डबा आणणारी भगिनी तो नेईल आणि घरी जाऊन घासेल. भाजीत मीठ कमी असेल तर तेही तिला तिथेच, प्रीतीने सांगा.