गाडीत अर्थ नाही

‘‘अंकल, आपकी गाडी में अर्थ नी आ रिया,’’ बॉनेटमधून डोकं बाहेर न काढताच उस्ताद म्हणाला.

शेजारी आमची ही उभी होती. हिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. ‘अर्थ’ हा शब्द कानावर पडला की हिचा हात अजून लाल पेन शोधतो. ‘‘गाडीत कुठून येणार? मालकाला तरी कुठे लागतो!’’ एवढं बोलून ती पोहे घ्यायला समोरच्या ठेल्यावर गेली. आम्ही राहतो सुदामानगरात. सुदाम्याच्या नगरात काहीही बिघडलं तरी आधी पोहे.

गाडी बारा वर्षांची, पेट्रोलची. सकाळी चावी फिरवली की सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखी दोन-तीनदा खाकरायची आणि मग उठायची. रात्री एसी लावला की सिग्नलवर हेडलाइट मान खाली घालायचे. तेही चाललं असतं, पण स्टार्टर फिरताना हॉर्न वाजवला तर कोंबडीचं पिल्लू चिवचिवल्यासारखा आवाज यायचा. इंदूरात ब्रेक जरा ढिला असला तर लोक सांभाळून घेतात, हॉर्न बसला तर भंवरकुआँच्या चौकात तुम्ही माणसांतून उठता.

अर्थ म्हणजे काय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते बरंच सुंदर निघालं. गाडीत बहुतेक ठिकाणी विजेची जाण्याची तार असते, परतीची नसते. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट दिव्यात, हॉर्नमध्ये, स्टार्टरमध्ये काम उरकतो आणि गाडीच्या पत्र्यातूनच चालत मायनसला परत येतो. हा पत्रा म्हणजे अर्थ. पण इंजिन बसलेलं असतं रबरी फाउंडेशनवर आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून कंपनीच इंजिनापासून बॉडीला नि बॅटरीला जाड तारा बांधून देते. काही गाड्यांत तर तांब्याची विणलेली पट्टी असते, अगदी शाळकरी मुलीच्या वेणीसारखी. स्टार्टर एका दमात शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, ते सगळे याच वाटेने घरी येतात. वाट खराब तर गाडी खाकरते.

इथपर्यंत उस्ताद बरोबर होता. पुढे माझा भाचा आला. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं माहीत असण्याचं हे शेवटचं वर्ष. ‘‘मामा, ग्राउंडिंग किट लावा. पाच तारा येतात. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाला, गिअरबॉक्सला, बॉडीला. पिकअप वाढतो, मायलेज वाढतो, लाइट वाढतो, गाणी साफ ऐकू येतात.’’

‘‘केस?’’ मी टकलावरून हात फिरवत विचारलं.

छोटी ग्वालटोलीतल्या दुकानात किट मिळालं. चौदाशे पन्नास. लाल चकचकीत पाच तारा, टोकांना सोनेरी रिंगा आणि मधोमध एक गोल चकती, जिच्यावर विजेचा लोळ छापलेला. लग्नात विहिणीला द्यावं असं पॅकिंग. उस्तादाने तीनशे रुपये घेऊन पंधरा मिनिटांत सगळ्या तारा टाकल्या. बॉनेट उघडून पाहिलं तर आमची गाडी आयसीयूतून नुकतीच बाहेर आल्यासारखी दिसत होती.

आणि काय सांगू, गाडी पळाली! राऊपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या गिअरला जी दमछाक व्हायची ती गेली. इंजिनाचा आवाज मऊ झाला. रेडिओवरच्या निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. मी हिला म्हटलं, ‘‘फरक जाणवतोय?’’ ही म्हणाली, ‘‘जाणवतोय ना. तुम्ही आज पहिल्यांदाच चाळीसच्या वर न जाता, हॉर्न न वाजवता, खिडक्या बंद करून चालवताय.’’ टाकी फुल करून मायलेज काढला, तोही वाढला होता. तो काढताना मी आठवडाभर चढावर एसी बंद केला होता आणि सराफ्याला रिक्षाने गेलो होतो, पण हे तपशील हिशेबाच्या वहीत बसत नाहीत.

दहाव्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा खाकरली. तीन वेळा.

मग भाच्याने होस्टेलमधून मल्टिमीटर आणला. मला वाटलं होतं हा जीव मोजायचं यंत्र आणतोय, पण त्याने जे केलं ते मला आयुष्यभर लक्षात राहील, आणि खरं तर ते चौदाशे पन्नासच्या आधी करायचं होतं. मीटर डीसी व्होल्टवर. एक सुई बॅटरीच्या मायनस खुंटीच्या डोक्यावर, क्लॅम्पवर (म्हणजे खुंटीला आवळलेल्या तारेच्या पकडीवर) नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरी सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर. आणि कुणीतरी आत बसून स्टार्टर मारायचा. वाट धडधाकट असेल तर मीटर फार तर पाव व्होल्टाच्या आत राहतो.

आत ही बसली. ‘‘अहो, मारू का?’’

‘‘मार!’’

ग्रॅंव्-ग्रॅंव्-ग्रॅंव्. मीटरवर ०.६४.

‘‘मामी, बंद करा. परत.’’ ०.६१. पुन्हा. ०.६३. समोरच्या गच्चीवर दोन माणसं येऊन उभी राहिली. एकाने वरूनच विचारलं, ‘‘धक्का लगाना है क्या, भिया?’’

बारा व्होल्टांतले अर्ध्याहून जास्त व्होल्ट, म्हणजे अर्ध्या व्होल्टाहून जास्त (भाचा दोनदा ओरडला या वाक्यावर), वाटेतच गडप होत होता. पाच नव्या लाल तारा असूनही! मग भाच्याने दुसरी सुई इंजिनावरून उचलून क्लॅम्पवर ठेवली. खुंटी आणि क्लॅम्प, मध्ये बोटभरही अंतर नाही. ‘‘मारा मामी.’’ ०.५२.

चोर सापडला. क्लॅम्पखाली पांढरट-हिरवी भुकटी जमली होती, तुरटीसारखी. करंट अडत होता तिथे, आणि आमच्या किटच्या पाचही तारा लटकत होत्या त्याच क्लॅम्पला! घरातली मोरी तुंबली म्हणून अंगणात पाच नवे पाइप टाकावेत आणि पाचही त्याच मोरीत सोडावेत, असं ते. तरी पाचवी तार बघायची राहिली होती. ती उस्तादाने एअर फिल्टरच्या डब्याला घट्ट आवळली होती. डबा प्लास्टिकचा. प्लास्टिकला अर्थ देण्याचं हे धाडस आजवर फक्त माझ्या कवितांनी केलं होतं.

पुढचं काम वीस मिनिटांचं. दहा नंबरचा पाना, आधी मायनस काढायचा, मग प्लस. कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश. सोडा पडला की भुकटी फसफसते, ते पाहायला ही खुर्ची घेऊन आली. मग खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, बॉडीवरच्या अर्थाच्या बोल्टखालचा रंग नि गंज खरवडला, सगळं परत आवळलं आणि वरून व्हॅसलिन. व्हॅसलिन हिचं होतं, त्याचा वेगळा अर्थ मला रात्री लागला.

‘‘मारा मामी.’’ गाडी चुटकीत उठली. ०.१३, किटसह. मग किट काढून. ०.१५.

म्हणजे सतराशे पन्नास रुपयांत मी व्होल्टाचा पन्नासावा भाग विकत घेतला होता. जॉर्ज ओह्म नावाच्या जर्मन शाळामास्तराने हे गणित १८२७ सालीच छापून ठेवलंय: व्होल्ट म्हणजे करंट गुणिले अडथळा. अडथळा जिथे आहे तिथला काढा, जिथे नाही तिथे सोन्याच्या रिंगा लावून काय होणार? मास्तर लोकांचं घरात कोण ऐकतं, हा वेगळा विषय.

भाचा एवढ्यावर थांबला नाही. त्याने एका तारेचं टोक ब्लेडने खरवडलं. वरचा तांबूस थर गेला आणि आतून चांदीसारखं पांढरं निघालं. ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. तांब्याच्या साठेक टक्केच करंट नेतं ते. ‘‘मामा, म्हणूनच हलकं होतं.’’ मला वाटलं होतं हलकं म्हणजे स्पोर्टी.

गेल्या शनिवारी पॉलिश पेपर घ्यायला त्याच दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण तेच किट हातात घेऊन उभा होता, लाल की निळं या विचारात. दुकानदाराने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. ‘‘लो, अंकल से पूछ लो, इनने लगवाया है! क्यों अंकल, फरक पडा कि नी?’’

तरुण माझ्याकडे बघायला लागला. हातात किट, डोळ्यांत पिकअप. मी तोंड उघडलं. ०.६४, क्लॅम्प, भुकटी, ओह्म मास्तर, सगळं जिभेवर आलं. सांगायचं तर मग प्लास्टिकचा डबाही सांगावा लागणार होता.

‘‘निळं घ्या,’’ मी म्हटलं, ‘‘लाल लवकर मळतं.’’