नेट आहे, पण येत नाही

नेट पूर्ण गेलं की एक प्रकारचं समाधान असतं. सगळ्या बिल्डिंगचं जातं. लोक गॅलरीत येतात, "तुमचं पण गेलं का?" असं एकमेकांना विचारतात, केबलवाल्याच्या नावाने शिमगा होतो आणि नाक्यावरच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडली एवढं कळलं की सगळे निमूट आत जाऊन चहा टाकतात. पण फक्त आपलंच, त्यातही फक्त आपल्या लॅपटॉपचं आणि तेही अधूनमधून जाणारं नेट माणसाला एकटं पाडतं. ज्याला सांगावं तो स्वतःचा फोन पुढे करतो. "माझं तर मस्त चाललंय."

मी डोंबिवलीत राहते आणि घरी बसून दुकानदारांची जीएसटीची कामं करते. महिन्याची २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी या दर महिन्याच्या रिटर्नची शेवटची तारीख. त्यानंतर दिवसाला ५० रुपये लेट फी, कर थकला असेल तर व्याज वेगळं. आमच्या पार्ट्या बिलं पाठवतात १९च्या रात्री, जेवणं आटोपून. म्हणजे २० तारखेला माझ्या लॅपटॉपवर अख्ख्या बाजारपेठेची भिस्त असते, आणि लॅपटॉपला ते कळतं. एरवी दिवसभर सरळ वागेल. ओटीपी टाकला की मात्र गोल फिरायला लागतं, कोपऱ्यातला वायफायचा पंखा जाऊन तिथे पृथ्वीगोल येतो आणि पोर्टल मला बाहेर काढतं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ते वाकडेतिकडे आकडे वाचा, पुन्हा ओटीपी.

कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करायला सांगितलं. केला. मग लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितला. केला. मग ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडून लाइन ओके दिसतेय," आणि मला रेटिंग द्यायला सांगून निघून गेली.

नवऱ्याचा उपाय ठरलेला होता, नवा लॅपटॉप घे. हा माणूस बाथरूमचा नळ गळायला लागला तरी नवीन फ्लॅट बघू म्हणतो. त्याचं सोडून देऊ.

खरी सूत्रं हातात घेतली चिरंजीवांनी. तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सध्या सगळं येतं. त्याने फोनवर कसलंसं अॅप टाकलं आणि आमच्या हॉलमध्ये बिल्डिंगमधले किती वायफाय घुसलेत ते दाखवलं. एकावर एक कमानी. 'श्री गजानन प्रसन्न ५जी', 'पासवर्ड विचारू नये', 'बाबांचं नेट', आणि समोरच्या विंगमधल्या कोणाचं तरी 'पोलीस कंट्रोल रूम'. तो म्हणाला, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आपली सगळी सोसायटी ६वर बसलीये. मला नवल वाटलं नाही. पार्किंगचंही तेच आहे. त्याने आमचा राउटर ११वर नेला. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी बहुधा 'पासवर्ड विचारू नये'वाल्यांच्या मुलालाही तीच अक्कल सुचली.

मग त्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड परस्पर झोपवण्याची परवानगी काढून घेतली. हे मला पटलं. माझ्या पैशांनी घेतलेलं यंत्र माझीच वीज वाचवायला मला न विचारता झोपा काढत होतं! पण तेही पुरलं नाही. मग ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. जुना ड्रायव्हर त्याने मोठ्या आत्मविश्वासाने उडवला आणि नवा घ्यायला गेला, तर तो नेटवर. आणि नेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही. शेवटी फोन वायरने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला पाजलं. ड्रायव्हर आला, आजार तसाच राहिला.

या सगळ्यात सासूबाईंचा मायक्रोवेव्ह सापडला. तो आणि वायफाय जवळपास एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. दार आतून कितीही घट्ट असलं तरी थोडं बाहेर झिरपतं, आणि वायफायला तेवढं पुरतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८पासून अधूनमधून काही विचित्र सिग्नल मिळत होते. २०१५मध्ये छडा लागला, तर तिथलंच कोणीतरी मायक्रोवेव्ह थांबायच्या आधी दार उघडत होतं. ही गोष्ट मी आईंना फार रंगवून सांगितली. हेतू एवढाच की २० तारखेला दुपारी वरण गॅसवर गरम व्हावं. त्या म्हणाल्या, "एवढे शास्त्रज्ञ, आणि टण् वाजेपर्यंत थांबता येईना?" आणि वरण आत ठेवलं.

सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, त्या काळातला माणूस. हवेतून काही येतं यावर त्यांचा मुळातच विश्वास नाही. "वायर टाक," ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. एका रविवारी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून हॉलपासून माझ्या टेबलापर्यंत पिवळी लॅन केबल नेली. दर वीतभर अंतरावर क्लिप, कोपऱ्यात काटकोन, काम बघत राहावं असं. माझा लॅपटॉप मात्र इतका सडपातळ की त्याला लॅनचं भोकच नाही. मग अॅडाप्टर मागवला. तो यूएसबीत जातो. यूएसबीचं भोक एकच, आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचं रिटर्न भरायचं तर डिजिटल सहीचं टोकन त्याच भोकात लागतं. म्हणजे नेट लावलं तर सही नाही, आणि सही लावली तर नेट नाही. चिरंजीव हब आणू म्हणाले, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं. बाबांना तो वायरचा अपमान वाटला. ते दोन दिवस बोलले नाहीत. आईंनी केबलवर रुमाल वाळत घालायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. राउटरला चिकटून बसलं की लॅपटॉप धावतो, बेडरूममध्ये नेला की मरतो. सगळ्यांचं त्यावरून मत झालं की राउटर कमजोर. पण त्याच बेडरूममध्ये, इतकंच काय बाथरूममध्येसुद्धा, चिरंजीवांचा फोन अर्धा तास क्रिकेट दाखवतो, हे मी बाहेर टॉवेल घेऊन उभी राहून पाहिलेलं आहे. राउटरची आणि केबलवाल्याची फुकट बदनामी चालली होती. पण हे ऐकून घेतं कोण!

रोगाचं निदान शेवटी आईंनी केलं, फडक्याने. त्या टेबल पुसत होत्या आणि मी नेहमीप्रमाणे फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसले होते. पुसता पुसता त्यांनी लॅपटॉपची स्क्रीन मागे ढकलली, आणि फाइल खटकन चढली. त्यांनी ती पुढे ओढली. पृथ्वीगोल. मागे ढकलली. पंखा. "अगं, याचं झाकण सैल झालंय," त्या म्हणाल्या, कुकरच्या शिट्टीबद्दल बोलावं तशा.

चिरंजीवांनी काळी खिडकी उघडून 'नेटश' म्हणून कमांड मारली. स्क्रीन मागे, सिग्नल ८४ टक्के. स्क्रीन सरळ, ३१. मी ते रिटर्न स्क्रीन पार आडवी करून, टेबलावर ओणवं होऊन, वरून खाली बघत भरलं. टोकन भोकात, मान आखडलेली, मागून बाबा: "वायर असती तर…"

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. मुलगा चिरंजीवांपेक्षाही लहान वाटत होता. त्याने ऐकून घेतलं, राउटरबद्दल एक शब्द विचारला नाही, लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढून चुंबकाच्या पट्टीवर ओळीने लावले. आत वायफायचं कार्ड २२ बाय ३० मिलिमीटरचं. त्याला दोन वायरी येतात, एक काळी, एक पांढरी. अँटेना असतो वर, स्क्रीनच्या कडेत, आणि तिथून या वायरी बिजागरीतून खाली उतरतात. त्यातल्या काळीचं मोहरीएवढं सोनेरी टोक कार्डावर बसण्याऐवजी नुसतं टेकलेलं होतं. स्क्रीन हलली की वायर ओढली जायची आणि टोक उचललं जायचं.

"आधी कोणी उघडलेला का, मॅडम?"

उघडला होता. पावसाळ्याआधी एका ठिकाणी लॅपटॉपच्या आतला पंखा साफ करून घेतला होता. त्याने मान डोलावली, नखाने ते टोक दाबलं, टिक् झालं, वर पिवळ्या टेपचा तुकडा लावला. तीनशे रुपये. मी त्याला चॅनल ११, ड्रायव्हर, मायक्रोवेव्ह, सगळं सांगायला लागले तर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता घरात श्रेयाचा वाद चालू आहे. बाबांच्या मते शेवटी दोष वायरचाच निघाला, म्हणजे ते पहिल्यापासून बरोबर होते. चिरंजीव म्हणतात, सिग्नलची टक्केवारी त्यांनी मोजली नसती तर दुकानदाराने आपल्याला फसवलं असतं. नवरा तीनशे रुपयांचा आकडा ऐकून गप्प आहे. आई काही बोलत नाहीत, फक्त आता कोणाचंही काहीही बिघडलं की फडकं घेऊन येतात.

या महिन्याच्या २० तारखेला मी सकाळी नऊलाच बसले. सिग्नल ९१ टक्के, टोकन जागेवर, पोर्टलसुद्धा त्या दिवशी माणसात होतं. बिलांची वाट बघत होते. साडेदहाला कापडवाल्या शेठचा फोन आला. "मॅडम, काय सांगू, रात्रीपासून आमच्या लॅपटॉपला नेटच धरत नाहीये. बिलं उद्या पाठवली तर चालतील का?"

"शेठ," मी म्हटलं, "फोन ठेवू नका. स्क्रीन जरा मागे करा बघू."