काँक्रीटचं स्टोनहेंज सड्यावर बांधण्याआधी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: अमेरिकेत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी स्टोनहेंजची (इंग्लंडमधलं प्रचंड उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ) काँक्रीटची हुबेहूब प्रतिकृती बांधली, ती शंभर वर्षं तशीच उभी आहे. तोच नकाशा घेऊन आपल्या सड्यावर (जांभ्याच्या कातळाच्या पठारावर), समुद्रासमोर जवानांचं स्मारक बांधा. श्रमदानात होईल, देखभाल शून्य, आणि २१ जूनला सूर्य बरोबर कमानीतून उगवेल.

स्मारक आहे, हे खरं. उद्योजक सॅम हिल यांनी ते वॉशिंग्टन राज्यात मेरीहिल इथे, कोलंबिया नदीवरच्या कड्यावर बांधलं. ४ जुलै १९१८ ला अर्पण झालं, काम १९२९ ला पुरं झालं. पण ‘हुबेहूब’ नाही. इंग्लंडमधलं मूळ स्टोनहेंज अर्धंअधिक ढासळलेलं आहे. हिल यांनी ते धड असताना कसं असेल तसं उभं केलं. मूळ ठिकाणी नरबळी देत, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं आणि त्यावरच त्यांनी युद्धाच्या बळींची कल्पना रचली. अभ्यासक ते नरबळीचं मानत नाहीत.

देखभाल शून्य? मेरीहिल पॅसिफिकपासून दोनशेहून जास्त किलोमीटर आत, कोरड्या हवेत आहे. आपल्याकडे खारा वारा आणि वर तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस. मीठ काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचा थर सोलून पडतो. म्हणून समुद्राचे तुषार पोचतात तिथे आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) किमान एम-३५ दर्जाचं काँक्रीट, सळईवर ५० मिलिमीटर काँक्रीटचा थर म्हणजे कव्हर आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगतं. चूक होते ती इथेच. मिस्त्री सळई साच्यापासून लांब ठेवणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवतो, काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर लागला की तो निसटतो, सळई साच्याला टेकते. बाहेरून काही दिसत नाही. खाडीची रेती आणि मचूळ विहिरीचं पाणी वापरलं तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत. हिल यांनी दगडी पोत यावा म्हणून साच्यात चुरगाळलेला पत्रा लावला होता. आपल्या पावसात त्या खाचांत शेवाळ आणि क्षार धरतील.

श्रमदान? मूळ स्टोनहेंजच्या बाहेरच्या वर्तुळातला एक खांब साधारण ४.१ मीटर उंच, २.१ रुंद, १.१ जाड. म्हणजे साडेनऊ घनमीटर, तेवीस टनांच्या आसपास. असे तीस. घनमीटरला सात पोती धरली तरी नुसत्या खांबांना दोन हजार पोती सिमेंट, वरच्या आडव्या तुळया वेगळ्याच. एक मीटर जाडीच्या भरीव ओतकामात सिमेंटची उष्णता कोंडते आणि बाहेरचा थर थंड होताना तडकतो. दुपारी जेवायला ओतकाम थांबवलं तर तिथे सांधा राहतो आणि तिथूनच पाणी शिरतं. मग जांभ्याच्या चिऱ्यात बांधा म्हणावं, तर त्याची एवढ्या लांबीची तुळई टिकत नाही. शिवाय सड्याचा कातळ वर कडक असला तरी खाली मऊ माती निघते. पायाआधी बोअर घेऊन बघायलाच हवं. जागा सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधांच्या पट्ट्यात) येते का, हे त्याच्याही आधी.

सूर्याचा मुद्दा मात्र मजेशीर आहे. मूळ स्टोनहेंज ५१ अंश अक्षांशावर, आणि त्याची मांडणी तिथल्या २१ जूनच्या सूर्योदयाला धरून. सपाट क्षितिज धरलं तर २१ जूनला तिथे सूर्य उत्तरेपासून सुमारे ५१ अंशांवर उगवतो. रत्नागिरीत, १७ अंश अक्षांशावर, तो ६५ अंशांवर उगवतो. म्हणजे मूळ नकाशा जसाच्या तसा ठेवला तर सूर्य कमानीपासून १४-१५ अंश बाजूला. त्यात पूर्वेला सह्याद्री, म्हणून तो आणखी उजवीकडे सरकून वर येणार. आणि जूनच्या त्या आठवड्यात कोकणात सूर्य दाखवा कुणीतरी! तोच अक्ष उलटा बघा: २१ डिसेंबरला सूर्य पश्चिमेपासून २५ अंश दक्षिणेला, मोकळ्या समुद्रात बुडतो, आकाशही बहुधा निरभ्र असतं. कमान त्या दिशेला ठेवा आणि माणसांना संध्याकाळी पावणेसहापर्यंत जमवा.