खोपडीचा चेक

अमळनेरच्या आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय: दूरदर्शनच्या जुन्या चरित्र अभिनेत्यांची कदर झाली नाही. एक पार्टी म्हणते पुरस्कार द्या, चौकाला नाव द्या. दुसऱ्या पार्टीचं म्हणणं आमच्या आबांनी एका ओळीत टाकलं, "पैसा तं त्यासले तव्हयच भेटना ना, भाऊ!" म्हणजे पैसा त्यांना तेव्हाच मिळाला ना!

मी न्यू जर्सीत बसून दोन्ही बाजू वाचतो. प्रेमाच्या बाबतीत खान्देशाचा हात कुणी धरणार नाही. 1987 साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा हात जोडले जायचे ते राम-सीतेला, पण गल्लीतल्या बाया आठवडाभर बोलायच्या मंथरेबद्दल. कैकेयीच्या कानाशी लागताना ललिता पवारांचा तो बारीक डोळा आणखी बारीक व्हायचा, की आमची आजी टीव्हीसमोर बोटं मोडायची. "मेली घर बुडवी!" नटीला याहून मोठी पावती कोणती?

'नुक्कड' मालिकेत तर नायक शोधावाच लागायचा. अजय वढावकरांचा गणपत हवालदार, सुरेश भागवतांचा घनशू भिकारी, आणि समीर खक्करचा दारुडा खोपडी. तो बरळता बरळता मध्येच असं शहाणपणाचं बोलून जायचा की हसणारे गप्प व्हायचे. हेच खक्कर पुढे अभिनय सोडून अमेरिकेत आले आणि जावा प्रोग्रॅमर झाले. आमच्यासारखेच! ज्याला अख्खा देश ओळखायचा, त्याला इथे येऊन कोड लिहावं लागलं, हे मला ग्रुपवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त टोचतं.

इथे छोट्या भूमिकेतल्या नटाचं नाव प्रेक्षकाला आठवेलच असं नाही. पण मालिका पुन्हा दाखवली की युनियनच्या करारानुसार त्यालाही पैसे जातात. ते कुणी प्रेमानं दिलेले नाहीत, भांडून मिळवलेत. हुरळून जाऊ नका मात्र. 2023 च्या संपात इथल्याच नटांनी स्ट्रीमिंगचे काही सेंटांचे चेक जगाला दाखवले होते.

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलाकाराला व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आला. पण 1986-87 च्या करारांवर सह्या करून बसलेल्यांना त्याचा उपयोग किती? मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये 'रामायण' परत लागलं. ललिता पवार 1998 मध्येच गेल्या होत्या, कौसल्या झालेल्या जयश्री गडकर 2008 मध्ये. प्रेक्षक कोट्यवधी होते. या दोघींच्या घरच्यांना काय मिळालं, हे आमच्या ग्रुपवर कुणी विचारलं नाही. चौकाच्या नावावरून मात्र शंभर मेसेज!

म्हणून आबा, पैसा तेव्हा मिळाला हे मान्य, पण तो एकदाच दाखवण्याचा. पुन्हा दाखवाल तर पुन्हा द्या. चौकाला खोपडीचं नाव द्यायला माझी हरकत नाही, फक्त त्या चौकात दारूचं दुकान नको.