गर्दी मोजणारे शहर आणि आपले गड

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, तेव्हापासून आमच्या घरच्या संभाषणात एक वाद कायमचा मुक्कामाला आला आहे. भाच्याचे म्हणणे असे की, क्रोएशियातील दुब्रोव्हनिक या जुन्या बंदराच्या तटबंदीवर दरवर्षी लाखो लोक पैसे मोजून चालतात आणि समुद्रपर्यटनाची मोठी जहाजे त्या गावापर्यंत येतात, तर विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गासमोर ती का येऊ नयेत? उभे आयुष्य सह्याद्रीत पायपीट केलेल्या माझ्या थोरल्या भावाला यातले काहीच मान्य नाही. गडावर रोपवे नको, जहाजे नकोत, ज्याच्या पायांत बळ असेल त्यानेच यावे, असे तो म्हणतो. मी इटलीतील त्रिएस्ते या बंदरात राहत असल्यामुळे दोघेही आपापल्या बाजूने मला साक्षीला बोलावतात. दुब्रोव्हनिक मी दोन्ही प्रकारे पाहिले आहे, एकदा जहाजाने आणि एकदा पायी, आणि म्हणूनच दोघांपैकी कुणाचीही बाजू मला पूर्णपणे घेता येत नाही.

पहिल्यांदा गेलो तो आईबाबांबरोबर. बाबांचे गुडघे निकामी झालेले, त्यामुळे रोज नवे हॉटेल आणि सामानाची चढउतार अशक्यच होती. जहाज नसते तर त्यांनी एड्रियाटिकचा किनारा कधीच पाहिला नसता. सकाळी ग्रुझ बंदरात उतरून बसने जुन्या गावाच्या तटातील पिले दरवाजापर्यंत गेलो. हाती चार तास होते. स्त्रादुन हा गावाचा मुख्य रस्ता चुनखडीच्या दगडांनी फरसबंद केलेला असून शतकानुशतकांच्या पावलांनी तो आरशासारखा गुळगुळीत झाला आहे, हे मी वाचले होते. परंतु त्या दिवशी दगडापेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसल्या. ओनोफ्रिओच्या कारंज्यापाशी टेकून बसलेल्या बाबांनी मला विचारले, "इथं कुणी राहतं का रे?" मला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शोधायला पुढे एका फेब्रुवारीत मी एकटाच गेलो आणि तटाच्या आतल्या एका घरात खोली घेऊन चार रात्री राहिलो. 1,940 मीटर लांबीचा तो तट एकाच दिशेने चालायचा असतो, त्यामुळे अरुंद जागी समोरासमोर खोळंबा होत नाही. त्या सकाळी मात्र माझ्यापुढे चारदोनच माणसे होती. वरून पाहताना वाळत घातलेले कपडे दिसतात, अंगणातली लिंबाची झाडे दिसतात, 1991 च्या युद्धातील तोफमाऱ्यानंतर नव्याने शाकारलेल्या छपरांचा भडक रंग जुन्या कौलांपेक्षा वेगळा ओळखू येतो. घरमालकीणबाईंनी सांगितले की त्यांच्या गल्लीत हिवाळ्यात रात्री तीनच खिडक्यांत दिवे लागतात. 1991 मध्ये तटाच्या आत सुमारे 5,000 लोक राहत होते. आता ते 1,500 च्या आसपास उरले आहेत. घरे पर्यटकांना भाड्याने देणे अधिक किफायतशीर ठरले, रोजच्या गरजेची दुकाने हळूहळू हटली आणि माणसे तटाबाहेर राहायला गेली. 3 फेब्रुवारीला ग्रामदैवत संत ब्लेझ यांचा उत्सव असतो; त्या दिवशी बाहेर गेलेले सगळे परततात आणि स्त्रादुनवर पुन्हा एकमेकांना नावाने हाका मारणारी माणसे दिसतात. (याच संताच्या नावाचे चर्च आपल्या गोव्यातही आहे, जुने गोवे आणि कुंभारजुव्याजवळच्या गवंडाळी गावात.)

या शहराने जहाजे बंद केली नाहीत. त्याने माणसे मोजायला सुरुवात केली. दरवाजांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची गणती करणारे कॅमेरे बसवले आणि 2019 पासून जहाज कंपन्यांशी करार करून एका वेळी दोनच जहाजे व 4,000 प्रवासी अशी मर्यादा घातली. साथीच्या भीतीने येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा 1377 मध्येच करणाऱ्या या बंदराला पाहुण्याला थोडे थांबायला सांगण्यात संकोच वाटला नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

नुसती बंदी काय करते, ते मी माझ्याच गावात पाहतो. ऑगस्ट 2021 पासून व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून 25,000 टनांवरील जहाजांना मनाई झाली. व्हेनिस वाचवण्यासाठी ते आवश्यकच होते. मात्र त्यातली काही जहाजे त्रिएस्तेला येऊ लागली आणि आमच्या मुख्य चौकाशेजारच्या धक्क्यावर आता अनेकदा चौकातल्या राजवाड्यांपेक्षा उंच भिंत उभी असते. ओझे नाहीसे झाले नाही, ते सरकले. भुशी धरणाजवळ जून 2024 मध्ये पाच जण वाहून गेल्यानंतर पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश निघाले, तेव्हा मला हेच आठवले. कारण एक धबधबा बंद झाला की शनिवार-रविवारची गर्दी पुढच्या धबधब्याकडे वळते.

म्हणून भावाला मी सांगतो की 1996 मध्ये रायगडाला रोपवे झाला, त्यामुळेच बाबांना शिवाजी महाराजांच्या समाधीपुढे उभे राहता आले, आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी मी विसरणार नाही. भाच्याला सांगतो की जुलै 2023 मध्ये लोहगडावर एका रविवारी लोक काही तास अडकून पडले, ते सगळे पायीच चढले होते. पायी की यंत्राने, एवढ्यापुरताच वाद घालून गड वाचणार नाहीत. एका वेळी तटाच्या आत किती माणसे असावीत, हा आकडा प्रत्येक गडासाठी ठरवून तो जाहीरपणे लावला गेला पाहिजे आणि पाळलाही गेला पाहिजे.

याची सुरुवात सिंधुदुर्गापासून करावी असे मला वाटते. कुरटे बेटावरील या किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात, पर्यटकांना तिथे होडीनेच जावे लागते आणि पावसाळ्यात ती वाहतूक बंद असते. मालवणच्या धक्क्यावर होडीत बसणाऱ्यांची आणि परतणाऱ्यांची मोजणी करणे कठीण नाही, त्यासाठी कॅमेरेही लागणार नाहीत. मर्यादा किती असावी, हे ठरवताना पहिला शब्द किल्ल्यात राहणाऱ्यांचा आणि होडीवाल्यांचा असावा, आणि तो एखादे मोठे जहाज समुद्रात नांगर टाकून उभे राहण्यापूर्वी विचारला जावा.