चाळणीची उपमा अर्धीच खरी
दान केलेल्या रक्तातून पांढऱ्या पेशी गाळून काढणाऱ्या फिल्टरवरचा लेख आवडला, पण त्याला चाळणीची उपमा देताना लिहिलेलं 'पांढऱ्या पेशी मोठ्या, म्हणून जाळीत अडकतात' हे वाक्य खटकलं. लहान लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशीचाच एक प्रकार) जेमतेम ७-८ मायक्रॉनची, म्हणजे तांबड्या पेशीएवढीच! नुसत्या मापावर निवड केली तर दोघीही अडकतील, नाहीतर दोघीही सुटतील. खरी मेख लवचिकपणात आहे. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, त्यामुळे ती दुमडून ३ मायक्रॉनच्या फटीतूनही निसटते. पांढरी त्या मानाने ताठर, वर चिकट. पॉलिएस्टरचे बारीक तंतू तिला धरूनच ठेवतात. गाळताना रक्ताची पिशवी उंच टांगायची, रक्त आपल्याच वजनाने खाली उतरतं. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असलेल्या दात्याचं रक्त मात्र कधी कधी मध्येच थबकतं आणि फिल्टर चोंदतो.

पिशवीत साधारण १०० कोटी पांढऱ्या पेशी असतात, गाळल्यावर युरोपीय निकषानुसार १० लाखांच्या आत हव्यात. गाळल्यामुळे रक्त चढवताना येणारा ताप, हुडहुडी बरीच कमी होते. पण 'ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट'चा (दात्याच्या लिम्फोसाइटनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा) धोका गाळण्याने टळतो असं लेखात म्हटलंय, ते चूक आहे. उरलेल्या थोड्या लिम्फोसाइटही त्याला पुरतात. तो टाळायला रक्तावर किरणांचा माराच (इरॅडिएशन) करावा लागतो. तेवढं दुरुस्त करा.