अल्टरनेटिव्ह पाणी

परत तेच! सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी काकांचा मेसेज: 'उद्यापासून अल्टरनेटिव्ह वॉटर सप्लाय.' मी खूश. म्हटलं, चला, टँकर मागवलेला दिसतोय. सकाळी अंगाला साबण लावून उभा, आणि नळाने नुसतं फुस्स केलं. काकांना म्हणायचं होतं अल्टरनेट. दिवसाआड पाणी!

अहो, अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्याय. अमेरिकेत पर्यायालाही अल्टरनेट म्हणतात, मान्य. पण आपण कोथरूडात राहतो ना? आणि 'दिवसाआड' हा आजीच्या काळापासूनचा नेमका शब्द असताना इंग्रजीच्या वाटेला जायचंच कशाला? फोन केला तर म्हणतात, "अरे, एकच ते. भावना समजून घे." भावनेने साबण निघतो का?

लिफ्टला रंग दिला तो म्हणे 'हिस्टॉरिकल निर्णय'. हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंधित. इतिहासात नोंद व्हावी असं काही घडलं तर ते हिस्टॉरिक. १८२८ साली शनिवारवाडा जळाला, ती घटना हिस्टॉरिक. लिफ्टचा पिस्ता रंग दोन्हींत बसत नाही. (इथे मात्र दोष एकट्या काकांचा नाही. मराठीत दोन्हींना 'ऐतिहासिक'च.)

काल नवा मेसेज: 'इकॉनॉमिक दरात पिंप मिळतील.' इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित. स्वस्त असेल तर इकॉनॉमिकल हो, इकॉनॉमिकल! तावातावाने उत्तर टाइप केलं आणि खोडलं. त्या सकाळी अर्धी बादली पाणी काकांकडूनच आणलं होतं.